कार्ड लावलंय, पिन बरोबर आहे, तरी सर्व्हर आत घेईना

‘साइनिंग फेल्ड: एजंट रिफ्यूज्ड ऑपरेशन.’ त्याच्या खालच्या ओळीत ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी.’ काल रात्री चालत होतं, आज सकाळी चालत नाही. कार्ड उपसून परत लावलं की कधी चालतं, कधी लॅपटॉप रीस्टार्ट केल्यावरच चालतं, आणि आठ-पंधरा दिवस गेले की पुन्हा तेच. हा त्रास एकदाच झाला असेल तर ही पोस्ट सोडून द्या, रीस्टार्ट करा आणि कामाला लागा. पुन्हा पुन्हा होत असेल तर वाचा.

सांगली-मिरज-कुपवाडात छोट्या धंद्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या बहुतेकांची मांडणी एकसारखी असते. सर्व्हर लिनक्सचा. कुठे एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या केबिनमध्ये, कुठे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीच्या माडीवर, कुठे भाड्याच्या क्लाउडवर. आपण दुरून एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायच्या प्रोग्रॅमने, आत जातो. पासवर्ड बंद केलेला असतो आणि खासगी किल्ली युबीकी, नायट्रोकी अशा एखाद्या ओपनपीजीपी कार्डावर, म्हणजे किल्ली आत जपणाऱ्या यूएसबी टोकनावर, असते. आणि त्याच लॅपटॉपला अधूनमधून दुसरंही एक टोकन लागतं: जीएसटीचं, इन्कम टॅक्सचं किंवा ई-टेंडरचं डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, घोडं तिथेच पेंड खातं.

यंत्रणा थोडक्यात सांगतो, कारण ती डोळ्यांसमोर नसेल तर पुढचं सगळं अंधारात चाचपडणं होतं. किल्ली कार्डाच्या चिपमध्ये असते आणि तिथून बाहेर येत नाही. लॅपटॉप कार्डाला म्हणतो, ‘एवढ्यावर सही कर.’ कार्ड पिन मागतं, सही करून देतं, ती सही सर्व्हरकडे जाते. सर्व्हरकडे फक्त सार्वजनिक किल्ली असते. तिच्यावरून तो सही ताडून बघतो. या प्रवासात माणसं बरीच आहेत. एसएसएच बोलतो जीपीजी-एजंटशी (जीपीजी हे किल्ल्या सांभाळणारं सॉफ्टवेअर, एजंट हा त्यातला मध्यस्थ), एजंट बोलतो एससीडीमनशी (जीपीजीचाच कार्ड हाताळणारा भाग), एससीडीमन थेट किंवा पीसीएससीडी या लिनक्सच्या स्मार्ट कार्ड सेवेमार्फत बोलतो रीडरशी, आणि रीडर कार्डाशी. ‘एजंट रिफ्यूज्ड ऑपरेशन’ याचा अर्थ एवढाच की एजंटपासून मागे कुठेतरी साखळी तुटली. पिनची खिडकी उघडली नाही तरी हाच मेसेज, कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात असलं तरी हाच, कार्डाला बोट लावायचं राहिलं तरी हाच. ज्याने हा मेसेज लिहिला त्याला सर्व्हर कधी सांभाळावा लागला नसावा.

आज्ञा इथे नागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत, डॅश आणि मोकळ्या जागा आहेत तशा ठेवून.

पिन पुन्हा पुन्हा मारू नका

सगळ्यात आधी हात आवरा. ओपनपीजीपी कार्डावर पिन लागोपाठ तीनदा चुकला की तो अडकतो. मग ॲडमिन पिन लागतो, आणि तोही तीनदा चुकला की कार्ड फॅक्टरी रिसेट करण्यावाचून मार्ग नाही. रिसेट म्हणजे किल्ली गेली, आणि ती कार्डावरच तयार केली असेल तर जगात दुसरी प्रत नाही.

म्हणून पहिली आज्ञा ‘जीपीजी --कार्ड-स्टेटस’. तिच्यात ‘पिन रिट्राय काउंटर’ अशी ओळ येते आणि पुढे तीन आकडे असतात. बहुतेकांना ‘३ ० ३’ दिसतं, आणि मधलं शून्य बघून फोन येतो, ‘दादा, कार्ड गेलं वाटतं.’ गेलेलं नाही. पहिला आकडा नेहमीच्या पिनचा, मधला रिसेट कोडचा, शेवटचा ॲडमिन पिनचा. रिसेट कोड ठरवलेलाच नसेल तर तिथे शून्यच राहतं. काळजी पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याची करायची. पहिला ३ असेल तर तुमचा पिन कार्डापर्यंत पोचलेलाच नाही किंवा बरोबर पोचला आहे. दोन्ही बाबतींत दोष पिनचा नाही.

जाता जाता: कारखान्यातून येणाऱ्या कार्डाचा पिन १२३४५६ आणि ॲडमिन पिन १२३४५६७८ असतो. ज्यांनी नेहमीचा पिन बदलला पण ॲडमिनचा तसाच ठेवला, त्यांनी हे वाचून होण्याआधी तो बदलून घ्यावा.

दुसरी सोपी तपासणी म्हणजे दिवा. युबीकीवर स्पर्शाची अट चालू केली असेल तर सही करण्याआधी तिचा दिवा लुकलुकतो आणि बोट लावायची वाट बघतो. बोट लावलं नाही तर काही सेकंदांत ती नाद सोडते आणि पडद्यावर तोच मेसेज. युबीकी टेबलाखालच्या सीपीयूच्या मागच्या बाजूला लावलेली असली की हे हमखास होतं. एक्स्टेन्शन केबल घ्या, युबीकी नजरेसमोर ठेवा. स्पर्शाची अट मात्र काढू नका. कार्ड लावलेलं असताना लॅपटॉपमध्ये काही घाण शिरली तर किल्ली चोरता येत नसली तरी वापरता येते. तो वापर फक्त बोट अडवतं.

११ तारीख आणि २० तारीख

आता मूळ दुखणं. मार्केट यार्डातल्या एका ऑफिसातला हिशेबनीस मुलगा दर महिन्याला फोन करायचा, ‘दादा, परत तेच आलंय.’ त्याच्या तक्रारींच्या तारखा ओळीने मांडल्यावर गंमत दिसली: सगळ्या १० ते १२ आणि १९ ते २१ च्या आसपास. ज्याने जीएसटी भरला आहे त्याला पुढचं सांगायला नको. मासिक रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख, ३बी ची २०. कंपनी किंवा एलएलपी असेल तर सही डीएससीनेच. म्हणजे त्या दोन-तीन दिवसांत त्याच लॅपटॉपला डीएससीचं टोकन लागलेलं असतं, त्याचा टोकन मॅनेजर पार्श्वभूमीला चालू असतो, आणि ब्राउझरही स्मार्ट कार्डं धुंडाळत असतो.

दिसायला पेन ड्राइव्ह असलं तरी डीएससीचं टोकन हे आतून स्मार्ट कार्डच आहे. ईपास असो की प्रॉक्सकी, कॉम्प्युटरच्या दृष्टीने तो एक रीडर आणि त्यात कायम बसवलेलं एक कार्ड. आपलं ॲडमिनचं कार्डही तसंच. आणि एससीडीमनचा स्वभाव असा की कार्ड आपल्या एकट्याच्या मालकीचं आहे असं धरूनच तो चालतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसं होतं.

लिनक्सवर भांडण असं लागतं. एससीडीमनकडे यूएसबी रीडरशी थेट बोलायचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. पीसीएससीडी ही वेगळी सेवा आहे, आणि डीएससीची लायब्ररी, ओपनएससी हे स्मार्ट कार्डाचं सॉफ्टवेअर, ब्राउझर हे सगळे तिच्यामार्फत बोलतात. पीसीएससीडीने रीडर आधी धरला तर एससीडीमनला तो सापडत नाही; कार्ड-स्टेटसवर ‘सिलेक्टिंग कार्ड फेल्ड: नो सच डिव्हाइस’ येतं. एससीडीमनने आधी धरला तर उलटं होतं, पीसीएससीडीला रीडर दिसत नाही. सकाळी कोण आधी जागं झालं यावर सगळं अवलंबून. म्हणून रीस्टार्टने ‘सुटतं’ आणि म्हणूनच परत येतं.

विंडोजवर थोडं निराळं. तिथे सगळे विंडोजच्याच स्मार्ट कार्ड सेवेमार्फत जातात. पण एससीडीमन कार्ड एकट्यासाठी उघडायला बघतो, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात ते आधीच असेल तर ‘शेअरिंग व्हायोलेशन’ मिळतं. त्यात आणखी एक पाचर: रीडर एकापेक्षा जास्त असतील तर जीपीजीच्या जुन्या आवृत्त्या त्यातला एकच बघतात. डीएससी लावलं की रीडरांचा क्रम बदलतो आणि एजंट तुमच्या किल्लीसाठी डीएससीच्या टोकनाचं दार ठोठावत बसतो. काही लॅपटॉपवर ‘विंडोज हॅलो फॉर बिझनेस’ नावाचा आभासी रीडर यादीत पहिला येऊन बसतो, तेव्हाही हेच.

उपाय एका फाइलीत आहे. जीपीजीच्या फोल्डरमध्ये ‘एससीडीमन.कॉन्फ’ नावाची फाइल. नसेल तर बनवा. लिनक्सवर तिच्यात एकच ओळ: ‘डिसेबल-सीसीआयडी’. याचा अर्थ, बाबा रे, स्वतःचा ड्रायव्हर वापरू नकोस, पीसीएससीडीमार्फत जा. विंडोजवर ‘रीडर-पोर्ट’ ही ओळ आणि पुढे तुमच्या कार्डाच्या रीडरचं पूर्ण नाव, अक्षरन्‌अक्षर. नाव बघायला कमांड प्रॉम्प्टवर ‘सर्टयुटिल -एससीइन्फो’ चालवा; सगळे रीडर आणि कुणात कार्ड आहे ते दिसतं. मध्ये पिनची खिडकी आली तर रद्द करा. लिनक्सवर हेच काम ‘पीसीएससी_स्कॅन’ करतं.

फाइल सेव्ह केली की ‘जीपीजीकॉन्फ --किल एससीडीमन’. लॅपटॉप रीस्टार्ट करायची गरज नाही. पुढची आज्ञा येताच एससीडीमन आपोआप नव्याने उठतो आणि नवी फाइल वाचतो.

एवढ्याने बहुतेकांचं काम होतं. होत नसेल, म्हणजे एकाच कार्डावर ब्राउझरचाही डोळा असेल, तर ‘पीसीएससी-शेअर्ड’ हा पर्याय आहे. तो लावला की एससीडीमन कार्ड वाटून घ्यायला तयार होतो. पण जीपीजीची मंडळी स्वतःच त्याला धोक्याचा म्हणतात, कारण कार्ड एकट्याचं आहे असं समजून एससीडीमन काही माहिती जवळ साठवून ठेवतो. मध्ये दुसऱ्याने कार्डाची अवस्था बदलली तर त्याचा हिशेब चुकतो. शिवाय एकाने पिन देऊन उघडलेलं कार्ड दुसऱ्यालाही हाताशी मिळू शकतं. माझा सल्ला विचाराल तर हा पर्याय शेवटी. त्याआधी ब्राउझरमधला स्मार्ट कार्डाचा मॉड्यूल काढून टाका, किंवा सरळ डीएससीचं काम दुसऱ्या मशीनवर न्या. हिशेबाच्या मशीनवरून सर्व्हरचं ॲडमिनचं काम करणं मुळात बरं नाहीच.

कार्ड दिसतंय, तरी एजंट नाही म्हणतोय

कार्ड-स्टेटस नीट येतं पण एसएसएच चालत नाही, तर दोष एजंटच्या बाजूला. ‘एसएसएच-ॲड -एल’ चालवा, एल मोठा. उत्तरात तुमच्या कार्डाची किल्ली दिसली पाहिजे. शेवटी ‘कार्डनो’ आणि पुढे आकडे असतात. ‘द एजंट हॅज नो आयडेंटिटीज’ आलं तर तुम्ही भलत्याच एजंटशी बोलताय. डेस्कटॉपचा स्वतःचा एजंट असतो, तो मध्येच येऊन बसतो. ‘एसएसएच_ऑथ_सॉक’ हे चल (व्हेरिएबल) कुठल्या सॉकेटकडे बोट दाखवतंय ते बघा आणि ‘जीपीजीकॉन्फ --लिस्ट-डर्स’ मध्ये ‘एजंट-एसएसएच-सॉकेट’ समोर जो पत्ता येतो तो तिथे द्या. जीपीजी-एजंटच्या कॉन्फ फाइलीत ‘एनेबल-एसएसएच-सपोर्ट’ आहे ना, तेही बघून घ्या.

किल्ली दिसते, तरी नकार? मग पिनची खिडकी. टीमक्स (एकात अनेक टर्मिनल चालवायचा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना हे ओळखीचं असेल: सकाळी उघडलेल्या एका टर्मिनलमध्ये एजंट चालू झाला, ते टर्मिनल बंद झालं, आणि आता पिन विचारायला एजंट त्याच मेलेल्या टर्मिनलकडे जातो. तिथे कुणी नाही, म्हणून नकार. ‘जीपीजी-कनेक्ट-एजंट अपडेटस्टार्टअपटीटीवाय /बाय’ एवढी आज्ञा दिली की त्याला चालू टर्मिनल कळतं. ती शेलच्या स्टार्टअप फाइलीत टाका, ‘जीपीजी_टीटीवाय’ च्या ओळीखाली, म्हणजे कटकट मिटली.

आणखी एक चकवा. ऑफिसच्या मशीनला कार्ड लावलंय, समोर बसून सगळं चालतं, पण घरून त्याच मशीनमध्ये एसएसएचने शिरून कार्ड वापरायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. हा बिघाड नाही. पीसीएससीडी पोलकिटला, म्हणजे लिनक्सच्या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेला, विचारतो आणि पोलकिट म्हणतो, मशीनसमोर बसलेल्यालाच कार्ड. नियम लिहून ते उघडता येतं. मी उघडत नाही. कार्ड आपल्याजवळ असावं यासाठीच तर ते घेतलं आहे.

एजंट फॉरवर्डिंगचंही तेच. मधल्या सर्व्हरवर एजंट पुढे पाठवला की त्या सर्व्हरचा रूट वापरकर्ता तुमच्या कार्डाकडून सही मागू शकतो. त्यापेक्षा ‘प्रॉक्सीजंप’ वापरा, ओपनएसएसएच ७.३ पासून आहे. मधल्या मशीनमधून फक्त बंद नळी जाते, सही तुमच्या टेबलावरच होते.

दोष सर्व्हरचा असेल तेव्हा

‘एजंट रिफ्यूज्ड’ न येता नुसतंच ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर सर्व्हरकडे बघा. ‘टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स’ येत असेल तर एजंटमध्ये किल्ल्यांची गर्दी झाली आहे. सर्व्हर मुळात सहाच प्रयत्न मोजतो आणि तुमच्या कार्डाचा नंबर येण्याआधीच दार लावतो. क्लायंटच्या कॉन्फ फाइलीत त्या सर्व्हरपुरतं ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ लिहा आणि ‘आयडेंटिटीफाइल’ समोर कार्डाच्या सार्वजनिक किल्लीची फाइल द्या. हो, सार्वजनिक किल्लीचीच. एजंट तिच्यावरून जोडी ओळखतो.

सर्व्हर जुना असेल तर वेगळाच प्रकार. २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ पासून एसएचए-१ वरच्या जुन्या आरएसए सह्या बंद आहेत. लॅपटॉप अद्ययावत आणि सर्व्हर फार जुना, अशा जोडीत कार्डावरची आरएसए किल्ली अचानक नाकारली जाते. फायडो प्रकारच्या किल्ल्या (यूएसबी सिक्युरिटी कीचा दुसरा प्रकार), म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘एसके’ असतं त्या, २०२० च्या ८.२ पासून आल्या आणि त्या दोन्ही टोकांना लागतात. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सवर ओपनएसएसएच ७.४ आहे, तिथे त्या चालणार नाहीत. तसंही सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. तो सर्व्हर अजून चालू असेल तर कार्डाचा प्रश्न मागाहून बघू.

नवीन मांडणी करणाऱ्यांना मी आता फायडोच सुचवतो. ती बाजू स्मार्ट कार्ड रीडरच्या वाटेने जातच नाही, कीबोर्ड-माउस ज्या वाटेने जातात त्या वाटेने जाते. त्यामुळे एससीडीमन, पीसीएससीडी आणि डीएससी यांच्या भांडणात ती सापडत नाही. ज्यांना त्याच कार्डावरून ईमेल किंवा बॅकअपच्या फाइली जीपीजीने उघडायच्या असतात त्यांना मात्र ओपनपीजीपीशिवाय गत्यंतर नाही.

‘तात्पुरता’ पासवर्ड

हा त्रास चालू असताना बरेच जण एक पळवाट काढतात: सर्व्हरवर पासवर्ड पुन्हा चालू. तात्पुरता. पुढे कार्ड चालायला लागतं आणि पासवर्ड तसाच राहतो. मग लॉग उघडून बघा, रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल अशा नावांनी दिवसरात्र दार ठोठावणं चालू असतं. कार्ड कितीही भारी असलं तरी शेजारी साधी कडी लावलेलं दुसरं दार ठेवलं तर उपयोग शून्य.

पासवर्ड बंद केला असं वाटत असूनही तो चालू राहण्याची एक जागा सांगतो, कारण ती क्लाउडवरच्या उबुंटूत फार जणांना चकवते. मुख्य फाइलीत तुम्ही ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिता, सेवा रीस्टार्ट करता, समाधानाने चहाला जाता. पण त्या फाइलीच्या सुरुवातीलाच एक ‘इन्क्लूड’ ओळ असते आणि ती ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमधल्या फाइली आधी वाचते. तिथे ‘५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ’ नावाची फाइल असते आणि तिच्यात ‘येस’ लिहिलेलं असू शकतं. एसएसएचच्या सर्व्हरचा नियम असा की जे मूल्य आधी सापडलं तेच खरं. तुमचं ‘नो’ कुणी वाचतच नाही. म्हणून फाइल बघून विश्वास ठेवू नका. ‘सुडो एसएसएचडी -टी’ चालवा, टी मोठा, आणि त्यात ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ व ‘केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन’ या दोन्हींसमोर काय येतं ते बघा. बदल करताना चालू सेशन बंद करू नका. दुसऱ्या टर्मिनलमधून कार्डाने आत जाऊन दाखवा, मगच पहिलं सोडा.

आणि कार्ड आलं म्हणून सर्व्हरची ओळख पटवणं सुटत नाही. वाहतूक एन्क्रिप्ट होते ती कार्डामुळे नव्हे, ते काम एसएसएच दोन टोकांमध्ये ठरवलेल्या तात्पुरत्या किल्लीने करतो. कार्ड फक्त तुम्ही कोण ते सांगतं. पलीकडे कोण आहे ते होस्ट कीवरून, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीवरून, कळतं. ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ आलं की डोळे झाकून जुनी ओळख पुसणारे बघितले आहेत. सर्व्हर खरंच नव्याने बसवला असेल तर ठीक. नाहीतर आधी ऑफिसला फोन लावा.

रिमोट डेस्कटॉपवर टोकन गायब

हा प्रश्न सीए मंडळींकडून इतक्यांदा येतो की तोही इथेच उरकतो. टॅली विंडोज सर्व्हरवर, डीएससी त्याच सर्व्हरला मागून लावलेलं. ऑफिसात मशीनसमोर बसलं की दिसतं, एनीडेस्कने दिसतं, पण रिमोट डेस्कटॉपने शिरलं की टोकन गायब. ड्रायव्हर चारदा टाकून झालेला असतो.

ड्रायव्हरचा काही संबंध नाही. रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये विंडोज स्मार्ट कार्डाची विचारणा मुद्दामच तुमच्या हातातल्या मशीनकडे वळवतं, सर्व्हरला लावलेले रीडर त्या सेशनला दाखवतच नाही. एनीडेस्क सर्व्हरचा समोरचाच पडदा दाखवतं, म्हणून तिथे चालतं. तेव्हा टोकन तुमच्याजवळच्या मशीनला लावा. रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत ‘शो ऑप्शन्स’, मग ‘लोकल रिसोर्सेस’, मग ‘मोअर’, आणि तिथे ‘स्मार्ट कार्ड्स’ समोर खूण. टोकनाचं सॉफ्टवेअर मात्र दोन्हीकडे हवं, कारण सही मागणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो. तरी दिसत नसेल तर सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत स्मार्ट कार्ड रिडायरेक्शन बंद केलेलं आहे का ते बघा.

यात एक फायदा लपलेला आहे. डीएससी सर्व्हरला रात्रंदिवस टोचून ठेवणं, पिन चिकटपट्टीवर लिहून मॉनिटरला चिकटवणं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे खासगी किल्लीवर ताबा राखण्याची काळजी ज्याच्या नावाने प्रमाणपत्र आहे त्याने घ्यायची असते. शेठजींना एवढं वाक्य वाचून दाखवा, टोकन संध्याकाळी कपाटात जायला लागतं.

रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट राउटरवर उघडं ठेवलेलं असेल तर ते आजच बंद करा. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची जी खोट निघाली ती लॉगिन होण्याआधीच आत घेणारी होती. त्याऐवजी कार्डाने एसएसएच करा आणि ‘-एल १३३८९:’ (एल मोठा) पुढे टॅलीच्या मशीनचा आतला पत्ता आणि ‘:३३८९’ अशी नळी टाका; मग रिमोट डेस्कटॉपला ‘लोकलहोस्ट:१३३८९’ हा पत्ता द्या. टॅली तेच, वापर तोच, बाहेरून मात्र ते पोर्ट दिसत नाही.

दुसरं कार्ड

कार्ड एकच असेल तर वरचं सगळं व्यर्थ. सांगलीत तर नक्कीच. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा वेळी सर्व्हर माडीवर सुखरूप असतो, पण तुमचं कार्ड ज्या ऑफिसात आहे तिथे होडीशिवाय जाता येत नाही. दुसरं कार्ड वेगळ्या घरी ठेवा, आणि दोन्ही कार्डं नदीच्या एकाच अंगाला नकोत.

दोन्ही कार्डांवर एकच किल्ली टाकायची की वेगवेगळ्या, यावर मतं आहेत. मी वेगवेगळ्या म्हणतो, आणि दोन्हींच्या सार्वजनिक किल्ल्या प्रत्येक सर्व्हरवर. एकच किल्ली दोन्हींवर असली की जीपीजी पहिल्या कार्डाचा अनुक्रमांक लक्षात ठेवतं आणि दुसरं लावल्यावर ‘अमुक क्रमांकाचं कार्ड लावा’ म्हणून अडून बसतं. पुरात हे नको. ज्यांनी आधीच तसं केलं आहे त्यांनी दुसरं कार्ड लावून ‘जीपीजी-कनेक्ट-एजंट’ पुढे ‘एससीडी सीरियलनो’ आणि ‘लर्न --फोर्स’ ही दोन वाक्यं वेगवेगळ्या अवतरणांत, शेवटी ‘/बाय’ अशी आज्ञा द्यावी. एजंट नवं कार्ड ओळखतो.

वेगवेगळ्या किल्ल्यांचा दुसरा उपयोग कार्ड हरवल्यावर कळतो. ‘ऑथराइज्ड_कीज’ मधली त्या कार्डाची एक ओळ पुसली की झालं, दुसऱ्या कार्डाने काम चालू. मात्र ओळ पुसल्याने आधीपासून उघडी असलेली सेशन बंद होत नाहीत. ‘हू’ चालवून कोण आत आहे ते बघा आणि अनोळखी पत्त्यावरची सेशन हाताने मारा. लॅपटॉपसकट कार्ड गेलं असेल आणि ‘कंट्रोलपर्सिस्ट’ (एसएसएचची जोडणी मागे उघडी ठेवणारी सोय) चालू असेल तर हे आधी करा, ओळ नंतर पुसली तरी चालेल.